भूल उतरेपर्यंत

शुद्धीवर आल्या आल्या मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, "मुलगा काय करतो?"

डॉक्टर तरुण होते. इकडंतिकडं बघत म्हणाले, "कोण मुलगा, आजी?"

"आजी नाही, मावशी म्हणा. तो काय उभा आहे की माझ्या उशाशी. उंची चांगली आहे, पण अंगानं फारच काटकुळा. आणि मघापासून एक शब्द बोलत नाही. मुका आहे का?"

मी दाखवत होते तो सलाइनचा स्टँड होता.

हे मला स्वतःला आठवत नाही. आमच्या शेजारची अर्पिता डबा घेऊन सांगलीला आली होती, तिनं नंतर पोट धरधरून हसत सांगितलं. त्या दिवशी मी वॉर्डचं मंगल कार्यालय करून टाकलं होतं म्हणे. नर्सला दोनदा विचारलं, पोहे कुठवर आलेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला हात जोडून सांगितलं की तुमच्या मुलीचं पक्कं झालं, माणसं देवासारखी आहेत. ती बाई बिचारी दुसऱ्या दिवशी ह्यांना हळूच विचारायला आली, "ते स्थळ नक्की कुठलं होतं ओ?"

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. मी विट्याची शालन बाबर. लग्नं जुळवणं हा माझा धंदा. खानापूरपासून आटपाडीपर्यंत कुणाच्या घरात किती मुलं, कुणाचं शिक्षण काय, कुणाचं आजोळ कुठलं, कुणाच्या चुलत्यानं कुणाशी बोलणं टाकलंय, सगळं माझ्या डोक्यात. आणि वजन एकशे चौदा किलो. ते पोह्यांनी झालं. लोकांच्या घरी बसून जन्मभर पोहे, शिरा आणि लाडू खाल्ले. नको म्हटलं तर स्थळ नाकारल्यासारखं दिसतं. खोटं कशाला बोलू, मला नको म्हणावंसंही कधी वाटलं नाही. धंद्याला त्या वजनाचा उपयोगच व्हायचा. मी एकदा सोफ्यावर बसले की बोलणी पूर्ण झाल्याशिवाय उठणार नाही, हे दोन्हीकडच्यांना न सांगता कळायचं.

पित्ताशयात खडे झाले आणि ऑपरेशन करावं लागलं. दुर्बिणीतून करायचं ठरलं होतं, पण आत फार सूज होती, शेवटी पोट उघडावं लागलं. ऑपरेशन लांबलं, भूलही लांबली. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. तोवर मला नवरदेव दिसायचे थांबले होते, पण माझ्या नवऱ्याला मी त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारत होते.

"वजन इतकं, त्यात साखर," डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या. "आणि या झोपेत घोरतात ते नुसतं घोरणं नाही, त्यांचा श्वास मध्येच अडकतो. अशा माणसांना मोठी भूल दिली की मेंदू कधी कधी जरा उशिरा जागा होतो. भलतंसलतं बोलणं थांबेल. पण काही आठवडे विसरायला होईल, शब्द सापडणार नाहीत. बहुतेकांचं पुन्हा ठिकाणावर येतं."

"बहुतेकांचं म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे बहुतेकांचं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आमचे हे, निवृत्ती बाबर, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकवर गाड्या पुकारायच्या. बोलायचा सगळा साठा स्टँडवरच संपायचा, घरी आले की गप्प. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. पण सांगलीहून घरी येताना सगळ्या रस्त्यानं ते मला गावं विचारत होते. "हे कुठलं आलं, शालन?" मला पाटी वाचता येत होती, म्हणून मी पाटी वाचून सांगायची. तासगाव ओलांडल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मग पाटी यायच्या आधीच विचारायला लागले, आणि मला एकही सांगता येईना.

घरी परतल्यावर खरं काय झालंय ते कळलं. हातात झारा घेऊन मी चुलीपुढं उभी राहायची आणि याला काय म्हणतात तेच आठवायचं नाही. अर्पिता यायची आणि विचारायची, "मावशी, आपल्या गल्लीतली घरं सांगा." ती तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, रोज लोकांची रक्तं तपासून यायची आणि माझं डोकं तपासायची. मी चार घरं सांगायची आणि पाचव्यापाशी अडकायची. पाचवं तिचंच होतं.

तरी मी हट्टानं एका बैठकीला गेले. खानापूरचं घर, मुलीकडची मंडळी माझ्या चांगल्या ओळखीची. मी मुलाकडच्यांना थाटात सांगितलं, "मुलीचे आजोबा मोठे पैलवान होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली." समोरच्या खुर्चीत बसून चहा पिणारा म्हातारा म्हणाला, "कोण गेलं?"

ते आजोबाच होते.

ती गोष्ट माझ्याआधी विट्यात पोचली. माणसं हसली, आणि मग बोलावणी कमी झाली. मी हसण्यावारी नेलं. पण न्हाणीघरात गेले की नळ सोडून रडायची. हात-पाय गेला असता तरी चाललं असतं असं वाटायचं. मी म्हणजे माझं डोकंच होतं. बाकीचं सगळं त्याच्या सोबतीला आलेलं.

एके दिवशी हे जेवताना म्हणाले, "मी येत जातो तुझ्याबरोबर."

"तुम्ही? तुम्ही तिथं काय करणार?"

"गाडी चुकीच्या फलाटाकडे निघाली की मी शिट्टी मारायचो. लोकांच्या घरी शिट्टी बरी दिसणार नाही. खोकेन."

असं ठरलं. निघायच्या आधी घरी सगळी माहिती त्यांनी पाठ करायची. मी चुकले की त्यांनी एकदा खोकायचं, मी लगेच वाक्य फिरवायचं. पहिल्या दोन बैठका छान पार पडल्या. तिसऱ्या ठिकाणी चिवडा तिखट होता. मी म्हणाले, "मुलगी बी.कॉम. आहे." हे खोकले. मी म्हणाले, "म्हणजे, बी.ए." हे पुन्हा खोकले. "बी.एस्सी. केलंय आधी," मी म्हणाले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हातानं नको नको करतायत आणि खोकतायत. मी घाबरून तिला वकीलही करून टाकलं. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "एवढी शिकलेली मुलगी आम्हाला झेपायची नाही, ताई."

त्यानंतर पंधरा दिवसांनी अर्पिताचे वडील आले. भगवानराव निकम, पोल्ट्रीवाले. पाचव्या घरातले. दारातच उभं राहून म्हणाले, "अर्पिताची बैठक आहे रविवारी. स्थळ मीच बघितलंय, कोंबड्यांचं खाद्य देणाऱ्या माणसानं आणलंय. तुम्हाला तसा त्रास देणार नव्हतो. पण पोरगी म्हणते, मावशी नसेल तर मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही."

"कुठलं स्थळ?"

"मूळ लेंगऱ्याची माणसं. कोइमतूरला गलाईचं दुकान आहे." गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली माणसं त्यासाठी सगळ्या देशात पांगली आहेत. "तुम्ही नुसतं बसा," भगवानराव म्हणाले, "बोलू मात्र काही नका."

रविवारी मी इरकल नेसले आणि जाऊन सोफ्यावर बसले. हे माझ्याजवळ, हातात पाण्याचा तांब्या, चिवड्याकडे पाठ फिरवून. समोर मुलाची आई शैलजाबाई, दोन्ही हात कोपरापर्यंत सोन्यात. तिच्या शेजारी मुलाचा मामा. आणि मुलगा, धैर्यशील. दिसायला देखणा. पण पाहुण्यांच्या घरी नाही, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा बसला होता.

"आमचं काही मागणं नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "मुलगी आणि नारळ. फक्त लग्नानंतर सूनबाई लेंगऱ्याला माझ्याजवळ राहील. तिकडचं पाणी आपल्या बायकांना मानवत नाही. धैर्यशील येत जाईल की, दिवाळीला, यात्रेला."

"पण तिची लॅबची नोकरी..." अर्पिताची आई, कुसुमवहिनी, हळूच म्हणाली.

"काय करायचीय नोकरी? आम्हाला काय कमी आहे?"

भगवानरावांनी मान हलवली. त्यांना ते घर पसंत होतं. अर्पिता पोहे देऊन दारापाशी उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पोहे खात होते.

तेवढ्यात अर्पिताच्या भावाचा नऊ महिन्यांचा पोरगा रडत आत आला. दात येत होते, दोन दिवस किरकिर चालली होती. तो रांगत धैर्यशीलच्या पायाशी गेला. धैर्यशीलनं त्याला उचललं, हातावर पालथा घेतला, बोटाचं पेर वाकवून हिरडीला लावलं आणि पाय हलवायला लागला. पोरगा गप्प झाला.

"मुलांची आवड दिसतेय," कुसुमवहिनी म्हणाली.

"भारी आवड!" शैलजाबाई फुलून आल्या. "आता बघा, वर्षभरात तुम्हाला..."

सगळे हसले. मामानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. भगवानरावांनी नारळ पुढं ओढला.

मी ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, "चिऊला दात आले का ओ?"

हे खोकले.

"कोण चिऊ?" मामा म्हणाला.

"ह्यांची की, धैर्यशीलरावांची." हे पुन्हा खोकले. मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. "बाई बाई, जावळ केवढं दाट तिचं! तिलाही आणायचं होतं आज. तिची आई पण आली असती, सगळ्यांनी मिळून पोहे खाल्ले असते."

ह्यांचा खोकला आता थांबेचना. कुसुमवहिनी आलं-मध आणायला पळाली. शैलजाबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"काय बोलताय बाई तुम्ही? कुणाची चिऊ?"

"माफ करा, माफ करा," भगवानराव मध्ये पडले. "त्यांचं मोठं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून डोक्यावर परिणाम आहे. मागं एका ठिकाणी तर जिवंत माणसाला मेला म्हणाल्या. मनावर घेऊ नका."

"असल्या बाईला बैठकीला बसवायचं?"

मी तोंडभर हसले आणि पदरानं तोंड पुसलं. "आमची चिऊ गं ती, चिऊताई," मी पाहुण्याच्या मांडीवरच्या पोराकडे बघून म्हणाले. "चिऊ, चिऊ, चिऊ..."

"चिऊ नाही," धैर्यशील म्हणाला. तो त्या पोराकडेच बघत होता. आवाज इतका हळू, की ह्यांचा खोकला त्याच क्षणी थांबला नसता तर कुणाला ऐकूही आलं नसतं. "कयल. कयल नाव आहे तिचं."

मग शैलजाबाई ओरडल्या, "धैर्या!"

"काय धैर्या, आई? किती दिवस?"

मामानं कॅलेंडर मिटलं. भगवानराव नारळ हातात धरून तसेच बसले. मग अर्पिता दारातून पुढं आली. मला वाटलं ही आता रडणार. पण ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "केवढी आहे?"

"पुढच्या महिन्यात दोन पूर्ण होतील."

"मग दात आले असतील."

"बरेच आलेत," तो म्हणाला. त्या सगळ्या वेळात तो पहिल्यांदा हसला होता, आणि लगेच त्याचे डोळे भरून आले. अर्पितानं वाकून त्याच्या हातातून पोरगा घेतला आणि आत निघून गेली.

मामानं एक प्रयत्न केला. "तिकडचं ते काय लग्न म्हणायचं का? दुकानातल्या कारकुनाची पोरगी. आपल्यातली नाही, काही नाही..."

भगवानरावांनी नारळ देवळीत ठेवला. "पोहे संपवून घ्या," ते म्हणाले. "मग निघा."

कुणी संपवले नाहीत. शैलजाबाई माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "वेडी बाई!" मी त्यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं.

आमचं घर चार दारं सोडून. पण माझी चाल तेव्हा अशी, की तेवढं अंतरही सावकाश पुरायचं. हे बरोबर चालत होते. मग म्हणाले, "शालन, माझा घसा फाटला. तुला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबण्यासारखं काही चुकलं नव्हतं म्हणून."

ते उभे राहिले. मीही राहिले, दमही लागला होता.

"लेंगऱ्याला धैर्यशीलची आत्या आहे," मी म्हणाले. "म्हातारी, त्याच घरात एका खोलीत पडून असते. दीड वर्षापूर्वी मी तिच्या नातीच्या स्थळासाठी गेले होते. तिनं उशीखालून फोटो काढून दाखवला होता. भाच्यानं तिकडं लग्न केलंय, पोरगी झालीय, आई घरात घेत नाही. रडली माझ्यापाशी. मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस. त्या फोटोत त्यानं पोरगी अश्शी हातावर पालथी धरली होती, बोटाचं पेर तिच्या तोंडात."

"हे तुला कधी आठवलं?"

"आत्ता. त्यानं पोराला उचललं तेव्हा. आणि नुसतं तेवढंच नाही ओ. आत्याच्या खोलीचा रंग आठवला, झबल्याची किनार आठवली, तिच्या नातीला शेवटी भाळवणीचं स्थळ दिलं ते आठवलं. मागोमाग सगळं यायलाच लागलं. भगवानरावांच्या घरात किती माणसं, त्यांची नावं. खानापूरचे ते आजोबा. सगळे एकदम दारात येऊन उभे राहिले. मला पोह्याचा घास गिळवेना."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सांगलीपासून ते ज्याची वाट बघत होते ते हेच, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाले, "मग सरळ सांगायचंस की."

"सरळ सांगितलं असतं तर पुरावा मागितला असता. आत्याचं नाव घ्यावं लागलं असतं आणि म्हातारीचं उरलेलं आयुष्य त्या घरात नासलं असतं. आणि मग पुन्हा कोण मला घरात बोलावणार? वेड्या बाईकडे मात्र कुणी पुरावा मागत नाही."

"ते खरं," ते म्हणाले. दोन पावलं चालले आणि थांबले. "पण पोरीचं नाव चुकलीस तेवढं."

"चुकले?"

"चिऊ म्हणालीस ना? तो म्हणाला, कयल."

"अहो, बरोबर नाव सांगितलं असतं तर ते दुरुस्त करायला कोण तोंड उघडणार होतं? पोरीचं नाव कुणी चुकीचं घेतलं तर बापाला गप्प बसवतं का?"

ह्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग ते हसायला लागले. विजेच्या खांबाला धरून, खाली वाकून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे हसत सुटले. खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "आता हेही गेले."

विट्यात ठरूनच गेलं, शालनमावशीचं डोकं कायमचं गेलं. मी कुणाची समजूत काढली नाही, काढता आलीही नसती. आणि सगळं खोटंही नव्हतं ते. काही नावं त्या दिवशी दारात आली नाहीत, ती अजूनही आलेली नाहीत. नवीन माणसाचं नाव दोनदा विचारावं लागतं. झाऱ्याला झाराच म्हणते, पण आधी एकदा त्याच्याकडे बघून घेते. बोलावणी बंद झाली तशी पोहे बंद झाले आणि जे डॉक्टरीणबाईंना सांगून जमलं नव्हतं ते झालं, वजन उतरायला लागलं. अर्पितानं पुढं दोन वर्षांनी तिच्या लॅबमधल्याच एका मुलाशी लग्न केलं, तिथं माझी गरजच नव्हती. धैर्यशील बायको-पोरीला घेऊन पुढच्या यात्रेला लेंगऱ्याला आला असं ऐकलं. शैलजाबाई म्हणे नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण सुनेशी बोलत नव्हत्या. पुढचं मला माहीत नाही.

भगवानरावांकडच्या बैठकीनंतर दोन-तीन महिन्यांनी, दुपारच्या वेळी, गावातल्या एका बाई माझ्याकडे आल्या. चांगल्या घरच्या, नाव सांगत नाही. आत येऊन त्यांनी आपल्या हातानं दार लोटून घेतलं.

"मावशी, तब्येत काय म्हणते? डोकं... अजून तसंच आहे का?"

"तसंच आहे," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून एक फोटो काढला. "आमच्या मीनलला स्थळ आलंय. सगळे म्हणतात मुलगा सोन्यासारखा आहे. तुम्हाला याच्याकडे बघून काही... चुकून... आठवतंय का?"

मी फोटो हातात घेतला. मुलगा खरंच देखणा होता.

"आधी एक सांगा," मी म्हणाले. "मी इथं जे काही बोलेन ते तुम्ही बाहेर कुणाला सांगितलं, तर लोक काय म्हणतील?"

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणतील, त्या वेड्या बाईचं काय ऐकायचं!"

"मग बसा," मी म्हणाले आणि ह्यांना चहा टाकायला सांगितला.